सोंगातलं इंग्रजी

मौन ही गुलामगिरीची पहिली खूण आहे आणि वाणी ही मुक्तीची. हे वाक्य माझ्या एका जुन्या वहीत पहिल्या पानावर, खाली दोन रेघा मारून, लाल शाईने लिहिलेलं आहे. शहापूरला इंग्रजीच्या शिक्षकांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं, तिथे एका तज्ज्ञांनी ते उच्चारलं. मराठीत उच्चारलं, कारण त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली तेव्हा समोरच्या साठ शिक्षकांपैकी एकाच्याही तोंडून शब्द फुटेना. लाल शाई अशासाठी, की वह्या शेवटच्या दिवशी तपासल्या जाणार होत्या.

दोन हजारनंतरची ती पहिली काही वर्षं. शहापूरहून डोळखांबकडे जाताना शेणव्याच्या पुढे एका माध्यमिक शाळेत मी शिक्षण सेविका होते. म्हणजे तीन वर्षं मानधनावर शिकवायचं आणि या काळात काही वावगं घडलं नाही तर कायम व्हायचं. वावगं म्हणजे काय, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे मुख्याध्यापक सांगतील ते वावगं. मुरबाडजवळच्या आमच्या बौद्धवाडीत वडिलांनी 'पोरगी मास्तरीण झाली' एवढंच सांगितलं होतं. 'सेविका' हा शब्द त्यांनी घराबाहेर जाऊ दिला नाही. मी कायम झाले नसते तर त्यांना वाडीत काहीतरी खोटं सांगावं लागलं असतं, आणि त्यांना न सांगायची सवय होती, खोटं सांगायची नव्हती.

माझ्याकडे नववीचं इंग्रजी होतं. वर्गात बेचाळीस मुलं, निम्म्याहून जास्त आजूबाजूच्या पाड्यांवरून चालत येणारी. पाचवीपासून इंग्रजी शिकत होती. एकत्र बोलायचं असलं की त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. 'गुड मॉर्निंग टीचर' ती एका ठरलेल्या चालीत म्हणायची, दुपारी चार वाजताही. 'मे आय कमिन' हे आत येण्यासाठी होतंच, पण बाहेर जाण्यासाठी आणि पाणी प्यायलाही तेच चालायचं. मात्र एकट्याला उभं करून विचारलं की संपलं. बाकाच्या फळीवर कुणी पूर्वी कर्कटकाने काहीतरी कोरलेलं असायचं, ते तो विद्यार्थी अशा एकाग्रतेने वाचायला लागायचा की त्याला परीक्षेत तेच येणार असावं.

प्रशिक्षणात आम्हाला एक तक्ता दिला होता. दर तिमाहीला भरून पाठवायचा. त्यात एक रकाना होता: 'इंग्रजी बोलण्यास इच्छुक विद्यार्थी संख्या'. मी पहिल्या तिमाहीत शून्य लिहिलं. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं.

"बाई, हे शून्य काय आहे?"

"संख्या आहे सर."

"शून्य पाठवलं की वरून पत्र येतं. मग पत्राला उत्तर, उत्तराला स्मरणपत्र. नऊ लिहा. नऊला कधी पत्र आलेलं नाही."

"पुढच्या वेळी?"

"अकरा."

ते वाईट गृहस्थ नव्हते. सव्वीस वर्षं भूगोल शिकवला होता त्यांनी, आणि त्यांना पत्र कुठून येतं हे पक्कं माहीत होतं. मी नऊ लिहिलं.

पण 'इच्छुक' हा शब्द मला टोचत राहिला. पोरं बुजरी आहेत, घाबरट आहेत, न्यूनगंड आहे, असं सगळे म्हणायचे. प्रशिक्षणातले तज्ज्ञ म्हणायचे, बाजूच्या शाळेतले शिक्षक म्हणायचे, चहाच्या टपरीवर बसलेला पोस्टमनसुद्धा म्हणायचा. मला ते पटत नव्हतं, कारण त्या बाकावर मी स्वतः बसले होते. नव्वदच्या आसपास मी मुरबाडला पाचवीत गेले. पहिल्याच आठवड्यात गुरुजींना म्हणाले, "मी नाय आणली वही." त्यांनी मला 'नाही' दहा वेळा म्हणायला लावलं, उभं राहून, वर्गासमोर. वर्गाने प्रत्येक 'नाही'ला दाद दिली. त्यानंतर मी दहावीपर्यंत कुठल्याच भाषेत आपणहून हात वर केला नाही. त्याला भीती म्हणायचं असेल तर म्हणा. माझ्या लेखी तो हिशेबाने घेतलेला निर्णय होता. पुस्तकातली मराठी हीच आमची पहिली परकी भाषा होती. तिने एकदा फजिती केल्यावर दुसरीला संधी द्यायला आम्ही काही मूर्ख नव्हतो.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या शाळेत शिक्षिकांसाठी वेगळं स्वच्छतागृह नव्हतं, म्हणून मधल्या सुट्टीत मी शाळेमागच्या एका घरी जायचे आणि शेताच्या बांधावरून परत यायचे. त्या दिवशी येताना मला माझाच आवाज ऐकू आला.

"सायलेन्स! आय ॲम नॉट टॉकिंग टू द वॉल!"

बांधाच्या पलीकडे नववीतली दहाबारा मुलं गोल करून बसली होती. मध्ये एक मुलगी उभी होती. ती डोळखांबच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरून यायची आणि वर्गात माझ्याशी सहा महिन्यांत एक वाक्य बोलली नव्हती. तिच्या हातात निरगुडीची काठी होती, ती बहुधा माझी छत्री. चालही माझीच, जरा तिरकी.

"हू विल टेल मी आन्सर? नोबडी? व्हेरी सॅड. व्हेरी व्हेरी सॅड."

हे मी रोज म्हणायचे. ते ऐकायला इतकं वाईट वाटतं हे मला ठाऊक नव्हतं.

एक मुलगा पोट पुढे काढून उठला. हे मुख्याध्यापक. "मॅडम! व्हेअर इज युवर लेसन नोट? नो लेसन नोट, नो परमनंट!"

"सर, आय ॲम पुअर टीचर," काठीवाली हात जोडून म्हणाली. "गिव्ह मी वन चान्स. माय फादर विल बीट मी."

सगळे लोळून हसले. मी बांधावर उभी. माझी नोकरी कायम व्हायची आहे, हे नववीच्या वर्गाला माहीत होतं, आणि ते त्यांनी इंग्रजीत मांडलंही होतं. वडिलांनी मला कधी हात लावला नव्हता, तेवढा भाग सोडला तर मजकूर बरोबर होता.

मग कुणीतरी मला पाहिलं. क्षणात तो गोल पांगला. मुलगी मात्र काठी घेऊन तिथेच राहिली, पळायला उशीर झाला म्हणून.

"एवढं येतं तुला," मी म्हटलं. "मग वर्गात का बोलत नाहीस?"

"तुमी रागवाल."

"नाय रागवणार."

शाळेच्या आवारात 'नाय' मी पहिल्यांदाच म्हटलं असावं. तिने माझ्याकडे जरा नीट पाहिलं.

"वर्गात बोललेलं धरतात बाई," ती म्हणाली. "हे सोंग व्हतं. सोंगात बोललेलं कोणी धरत नाय."

हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. शिमग्याच्या दिवसांत आमच्याकडे पोरं तोंडाला काजळी फासून सोंग काढतात. कुणी पोलीस होतो, कुणी डॉक्टर, कुणी बायको. रस्त्यावर दोर आडवा धरतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून वाटेल ते बोलतात. बोललेलं मनावर घ्यायचं नाही हा नियम. सरपंचालाही घेता येत नाही. आमच्या घरी शिमगा पाळत नव्हते, पण दोर आम्हालाही अडवायचा आणि नियम आम्हालाही लागू होता. फक्त सोंग मुलगे काढतात, मुली काढत नाहीत. या मुलीने शाळेमागे, वर्षाचे बारा महिने, स्वतःसाठी एक शिमगा सुरू केला होता आणि भाषा अशी निवडली होती की घरचं कुणी ऐकलं तरी कळू नये.

"आणि वर्गात कोण धरतं?"

"सगळे. सातवीत आमच्यातल्या एका पोराने पुस्तकातलं वाचलं, आय ॲम अ गर्ल. धडाच तसा व्हता. तवापासून त्याला वहिनी म्हणतात."

"अजून?"

"त्याची आईपण म्हणते."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझी खुर्ची टेबलामागून काढून मध्ये ठेवली. सांगितलं की इथे जो बसेल तो तो नसेल, दुसराच कुणीतरी असेल. खुर्चीत बोललेलं कुणी धरायचं नाही. मी चूक काढणार नाही आणि कुणी कुणाला नाव ठेवणार नाही.  मग मागच्या बाकावरून वहिनी उठला. त्याच्याकडे गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. खुर्चीत बसायचं सोडून तो खुर्चीवर उभा राहिला आणि त्याने आमच्या एसटीचा कंडक्टर काढला.

"गो बॅक साइड! बॅक साइड! व्हाय स्टँडिंग लाइक बफेलो? युवर फादर्स गाडी?"

त्या दिवशी मला तास संपवता आला नाही. पुढचे कित्येक महिने खुर्ची रिकामी राहिली नाही. एक वनरक्षक आला: "व्हेअर यू टेक धिस वूड? धिस इज गव्हर्नमेंट वूड." एक डॉक्टर आला, त्याने बारा पेशंट तपासले आणि प्रत्येकाला तेच सांगितलं: "नो मेडिसिन. गो टू शहापूर." तेराव्याने विचारलं, "आय ॲम फ्रॉम शहापूर?" डॉक्टर म्हणाला, "गो टू ठाणे." सोसायटीचा सेक्रेटरी आला, रेशन दुकानदार आला, मी तर आठवड्यातून दोनदा यायचे. व्याकरणाचे हाल होते, ते मान्य. पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला वेळ लागला: ही सगळी सोंगं त्यांना कधी ना कधी दरडावून गेलेल्या माणसांची होती. शेतकरी कुणी काढला नाही, आई कुणी काढली नाही. इंग्रजी त्यांच्या मते दरडावणाऱ्यांची भाषा होती, आणि दरडावण्याचा त्यांचा अभ्यास माझ्या बी.एड.पेक्षा दांडगा होता. ही पोरं 'अनिच्छुक' आहेत असं ज्याने ठरवलं, त्याने त्यांच्याकडे आजवर फक्त उत्तरंच मागितली होती. त्यांना प्रश्न विचारायचे होते.

"बाई, तुमच्या वर्गातून हसण्याचा आवाज येतो," मुख्याध्यापक म्हणाले.

"हो सर."

"इंग्रजीच्या तासाला?"

"हो सर."

"बोर्डाच्या परीक्षेत सोंगाला किती गुण आहेत?"



तिसरं वर्ष संपत आलं तेव्हा तपासणीचं पत्र आलं. वर्ग तोच होता, आता दहावीत गेलेला, आणि इंग्रजीला मीच. मुख्याध्यापकांनी दार लोटून घेतलं आणि मला सरळ सांगितलं. "पाच मुलं, पाच प्रश्न, पाच उत्तरं. पहिल्या बाकावर बसवा. साहेब पहिल्या बाकालाच विचारतात, मागे जायला वाटच नसते. सगळ्या शाळा हेच करतात. तुमच्या कायमच्या कागदावर सही माझी असते बाई, पण मी ती साहेबांचा शेरा बघून करतो."

मी बाणेदारपणे नकार दिला असं लिहायला मला आवडलं असतं. मी दहा दिवस पाच मुलांकडून पाच उत्तरं घोटून घेतली. 'माय एम इन लाइफ इज टू बिकम अ डॉक्टर अँड सर्व्ह द पुअर पीपल.' त्यांनी ती निमूटपणे पाठ केली. त्या मुलीला मी निवडलं नव्हतं. ती काय बोलेल याचा भरवसा नव्हता.

तपासणीचे साहेब मृदू बोलणारे, थकलेले गृहस्थ होते. धुळीने त्यांच्या पायातले बूट कोणत्या रंगाचे ते कळत नव्हतं. ते वर्गात आले, मुलांनी चालीत गुड मॉर्निंग म्हटलं, आणि मुख्याध्यापकांनी लगबगीने त्यांना बसायला खुर्ची पुढे केली. वर्गात एकच खुर्ची होती.

साहेबांनी पहिल्या बाकाला विचारलं, "व्हॉट इज युवर एम इन लाइफ?"

मुलगा उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीत साहेब होते. तो बाकावर कोरलेलं वाचू लागला. साहेबांनी दुसऱ्याला उठवलं, मग तिसऱ्याला. पाचही उत्तरं त्यांना येत होती. पण उत्तरं द्यायची जागा साहेबांनी व्यापली होती, आणि जागेवर उभं राहून स्वतःच्या तोंडाने बोललेलं धरलं जातं, हे दहा दिवसांच्या घोकंपट्टीने पुसलं जाणार नव्हतं.

"असू दे, असू दे," साहेब प्रेमळपणे म्हणाले. "बसा. भाग असा आहे. मुलं बुजरी असतात." आणि त्यांनी वही उघडली.

त्यांनी रागावून काही म्हटलं असतं तर मी गप्प बसले असते. पण तो प्रेमळपणा मला सहन झाला नाही.

"बुजरी नाहीत सर," मी म्हटलं.

मुख्याध्यापक खोकले.

"मग?"

"तुमची खुर्ची त्यांना मिळाली तर बोलतील."

साहेब उठले. त्यामागे मोठेपणा होता की नुसता गोंधळ, मला सांगता येणार नाही. खुर्ची रिकामी झाली आणि चौथ्या बाकावरून ती मुलगी, कुणी न बोलावता, पुढे आली. बसली. साहेबांची वही तिने मांडीवर घेतली.

"स्टँड स्ट्रेट," ती म्हणाली.

साहेब उभेच होते, ते आणखी सरळ झाले.

"व्हॉट इज युवर नेम?"

त्यांनी सांगितलं.

"लाउडली."

त्यांनी पुन्हा सांगितलं.

"व्हॉट इज युवर एम इन लाइफ?"

साहेब हसले, मुख्याध्यापकांकडे पाहिलं, मग कुणाकडेच पाहिलं नाही. ही शांतता मला चांगली ओळखीची होती. समोर बाक असता तर त्यांनीही तो वाचला असता.

"डोन्ट बी शाय," मुलगी हळूच म्हणाली.

"टू... सर्व्ह एज्युकेशन."

"गुड. हाऊ मेनी टाइम्स यू कम इन अवर स्कूल?"

"फर्स्ट टाइम."

"व्हाय?"

"रोड," साहेब म्हणाले. "रोड इज नॉट गुड."

"वी कम डेली," ती म्हणाली.

 मग मागून वहिनीचा आवाज आला, "बाय वॉकिंग!" आणि वर्ग हसत सुटला. साहेब हसले की नाही ते मला दिसलं नाही. मी मुख्याध्यापकांकडे बघत होते आणि मुख्याध्यापक भिंतीकडे.

"सिट डाऊन," मुलीने साहेबांना परवानगी दिली. दुसरी जागा नव्हती. ते पहिल्या बाकावर, डॉक्टर होऊन गरिबांची सेवा करणाऱ्या मुलाशेजारी बसले.

जीप गेल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "चार महिने राहिले होते बाई. चार महिने. आता त्या मुलीकडून माफीचा अर्ज लिहून घ्या. मी तो जोडतो, म्हणजे निदान काहीतरी सांगता येईल."

"सोंगात बोललेलं धरत नाहीत सर."

"हे शासन आहे, शिमगा नाही."

"अर्ज मी घेणार नाही."

हे मात्र मी खरंच म्हटलं. 

शाळा सुटल्यावर मुलगी फाटकाशी थांबली होती. "बाई, त्यांनी धरलं काय?"

"माहीत नाय गो."

"तुमची नोकरी जाईल?"

"गेली तर गेली," मी म्हटलं, आणि तो त्या दिवसातला एकमेव खोटा संवाद होता.

रविवारी घरी जाऊन वडिलांना सगळं सांगितलं. ते घेवड्याचा मांडव बांधत होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं, "पोरीचा अर्ज घेतलास?"

"नाय."

"मंग बरा." आणि सुतळी मागितली.

साहेबांचा शेरा महिन्याभराने शाळेत पोचला. दोन ओळींचा होता: 'इंग्रजीचा वर्ग पाहिला, विद्यार्थ्यांचे आवाज मोठे आहेत. पिण्याच्या पाण्याची टाकी झाकून घ्यावी.' मुख्याध्यापकांनी तो तीनदा वाचला. मोठे आवाज ही तक्रार की कौतुक, हे ठरवता येईना, तेव्हा त्यांनी टाकी झाकून घेतली आणि माझ्या कागदावर सही केली.

मी कायम झाल्याचा आदेश पावसाळ्यात आला. त्यात इंग्रजी बोलण्याविषयी एक शब्दही नव्हता. अट एकच होती, की संगणकाचा सरकारमान्य कोर्स उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र वर्षभरात सादर करावं. मी केलं. शाळेत वीज आली ती त्यानंतर दोन वर्षांनी.